हंड्यावरचं नाव

कमलजिजी कुणाच्याही घरी पाण्याआधी रिकामा पेला मागून घेते, तो उपडा करते आणि बुडावर कोरलेलं नाव खड्या आवाजात वाचते. भांडं परकं निघालं, तर झडती सुरू. "हाई वाटी डाक्टरीणबाईनी शे. तुन्हा घर कशी उनी वं?" शहाद्याच्या आमच्या गल्लीत यामुळे एक हरवलेली परात सापडली आणि दोन जावांचा अबोला सुरू झाला.

तिच्या पायांना विसावा नाही. आमच्या 'ओंजळ' गटात आम्ही बायका दरमहा ऐपतीप्रमाणे काही टाकतो आणि ज्या घराला झेपत नाही, तिथल्या मुलीच्या लग्नात भांडी देतो. बैठकीला सगळ्या सतरंजीवर. जिजी मात्र दार ते खिडकी येरझारा घालते, भाजल्या शेंगांची टरफलं सांडत, बांगड्या वाजवत.

"बठ ना वं जिजी, आमले चक्कर यी ऱ्हायनी!"

"माले बठाले टाईम नही!"

यंदा रेशमाचं लग्न होतं. भांड्यांचं दुकान असलेल्या कांताबेननं सुचवलं, प्रत्येक भांड्यावर गटाचं नाव घालू. 'सप्रेम भेट' असं. सगळ्यांना पटलं. अक्षरं वळणदार असावीत, एवढी भर मी घातली.

नावं घालणारा आला. यंत्राची दातांत शिरणारी किरकिर हवेत उठली आणि पहिली रेघ उमटण्याआधीच जिजी बसली. थेट रेशमासाठी आणलेल्या उपड्या हंड्यावर, पाय पसरून.

"जिजी, ऊठ! त्याला दुसरी कामं आहेत," कांताबेन करवादली.

"आज टाईम शे माले!"

तो बिचारा कंटाळून यंत्र गुंडाळून गेला, तेव्हाच ती उठली.

संध्याकाळी कारण विचारायला मी तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरात राखेचा आणि ओल्या पितळेचा वास होता. तिनं तांब्या दिला. पाणी संपवून, तिचीच सवय लागल्यासारखं मी तो उपडा केला. बुडावर कुणा शेठजींचं नाव होतं. घासून घासून झिजलेलं, तरी वाचता येणारं.

"मन्हा लगनमा भेटेल शे," ती म्हणाली. "सासू रोज पंगतमा वाचे. मोठ्यानं."

आणि घासलेलीच कढई ती पुन्हा घासू लागली.

रेशमाच्या लग्नात, वराच्या आईसमोर, जिजीनं आमचा हंडा उपडा केला. कोऱ्या बुडावरून तिनं सावकाश बोट फिरवलं. तिचा तो खडा आवाज एकाएकी मऊ झाला.

"देख वं बहिन, कोन्हंच नाव नही. हंडा आपली पोरना शे."