हुपरीकरकाकांचं ब्रॅडफर्ड

न्युरेम्बर्गच्या यू-बानमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, तिकीट तपासणारा माणूस चांगला सहा फुटी होता, मिशाळ होता आणि आमच्यासमोर येऊन उभा होता. हुपरीकरकाकांनी सगळे खिसे चाचपले, पास शोधला, त्याच्या हातात ठेवला आणि प्रेमाने म्हणाले, "देअर यू आर, लव्ह."

तो कानापर्यंत लाल झाला. मी खिडकीबाहेर बघू लागलो. गाडी भुयारात होती, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. तरी बघितलं.

काका सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात. डॉक्टर, पोलीस, बेकरीवाली, आमच्या इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर. बाई-पुरुष असला भेदभाव नाही.

"अरे, यॉर्कशायरची पद्धत आहे ती," ते मला समजावतात. "बसचा कंडक्टर मला लव्ह म्हणायचा, लेका. एवढा दांडगा गडी!"

"काका, हे यॉर्कशायर नाही. बव्हेरिया आहे."

"मग शिकतील की."

हुपरीकरकाका मूळचे इचलकरंजीचे. साठच्या दशकात, ऐन तरुणपणी, ते इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरणीत नोकरीला गेले. सात-आठ वर्षं तिथे काढली, परत आले आणि पुढचं सगळं आयुष्य इचलकरंजीत घालवलं. पण त्या आयुष्याबद्दल आम्हाला काहीही माहीत नाही. काका बोलतात ते फक्त ब्रॅडफर्डबद्दल. काकू वारल्यावर त्यांच्या मुलाने, श्रीकांतने, त्यांना इकडे आणलं. श्रीकांतचा फ्लॅट बरोबर आमच्या डोक्यावर. तो सोमवारी कामासाठी म्युनिकला जातो तो शुक्रवारी उगवतो. मधले दिवस काका आमच्याकडे.

म्हणजे अक्षरशः आमच्याकडे. मी ऑफिसमधून यायचो तेव्हा माझ्या खुर्चीत काका, माझ्या कपात चहा आणि समोर माझी बायको मुग्धा, पोळ्यांची कणीक मळत ब्रॅडफर्ड ऐकत असलेली. पुण्यातली कॉलेजातली नोकरी सोडून ती नुकतीच इथे आली होती. जर्मनच्या क्लासला अजून जागा मिळाली नव्हती.

"आज हवा किती स्वच्छ आहे ना, काका," असं साधं बोलायचीही सोय नाही.

"हिला हवा म्हणतात? ब्रॅडफर्डात हवा दिसायची! पांढरा शर्ट घालून निघालं की दुपारी कॉलर काळी. सगळं गाव काळं. आम्हाला वाटायचं, देवानेच तिथे काळा दगड घडवलाय. मग धुराला बंदी आली, इमारती धुवायला काढल्या, तर आतून दगड निघाला पिवळा! लोक रस्त्यात उभे राहून बघत होते. जन्म गेला त्या गावात, पण गावाचा रंग माहीत नव्हता."

हा किस्सा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आवडला होता, हे मी मान्य करतो. पुढे पुढे मात्र 'काळा दगड' ऐकू आला की मी उठून कचरा टाकायला जायचो. घरात कचरा नसला तरी.

कोथिंबीर आणली की ब्रॅडफर्डातला भाजीवाला यायचा, ज्याने काकांना विचारलं होतं, "कोरिअँडर? कोण तो? आपल्या गल्लीत राहतो का?" मुग्धाने गुडघ्यापर्यंतचा ड्रेस घातला की घरमालकिणीची मुलगी यायची. "दरवर्षी तिचा स्कर्ट वीतभर वर! शेवटी आई जेवताना डोळ्यासमोर पेपर धरायची. मुलगी दिसायला नको म्हणून." रविवारी सिनेमा लावला की ब्रॅडफर्डचं ते थिएटर यायचं, जे आपली माणसं रविवार सकाळपुरतं भाड्याने घ्यायची, साड्यांवर ओव्हरकोट घातलेल्या बायका आणि हिंदी गाण्यांवर रडणारे गिरणीकामगार. आणि 'खोली भाड्याने देणे आहे, काळ्यांनी चौकशी करू नये' या पाट्यासुद्धा काका हसत हसतच सांगायचे. "चांगलंच झालं. वाचलं आणि पुढे निघालं. वेळ वाचायचा."

कहर झाला तो जर्मनीने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला त्या उन्हाळ्यात. सगळी गल्ली नाचत होती. तळमजल्यावरच्या फ्राऊ हॉफमान, ज्या एरवी जिन्यात मोठ्याने शिंकलं तरी नियम दाखवतात, त्याही अंगणात गालावर झेंडा रंगवून उभ्या होत्या. काकांनी त्यांचा हात हातात घेतला. "अभिनंदन, लव्ह. सहासष्टच्या फायनलमध्ये आम्ही इंग्लंडवाल्यांनी तुम्हाला हरवलं तेव्हा ब्रॅडफर्डात अस्संच वातावरण होतं."

मी देवाचं नाव घेतलं. फ्राऊ हॉफमान म्हणाल्या, "तुमच्या त्या तिसऱ्या गोलचा बॉल रेषेच्या आत पडलाच नव्हता, हेर हुपरीकर." आणि दोघं अर्धा तास भांडले. त्या दिवसापासून त्यांची मैत्री झाली.

पुढे एकदा बाईंनी मला जिन्यात गाठलं. चर्चच्या हॉलमध्ये त्या म्हाताऱ्यांसाठी कॉफीचा कार्यक्रम चालवतात. मंडळींना इंग्रजीचा सराव हवा होता. "तर मग, हेर हुपरीकर साठच्या दशकातल्या इंग्लंडवर बोलतील का?"

बोलतील का! एका दुपारपुरते का होईना, दुसऱ्या कोणाचे तरी कान! मी काकांना न विचारता होकार दिला.

काकांनी कोट घातला, टाय बांधला. मुग्धाने रव्याचा केक केला. समोर बसलेल्या आजी-आजोबांना गिटार वाजवणाऱ्या, लांब केसांच्या पोरांचं इंग्लंड हवं होतं. काकांनी धूर, स्कर्ट आणि कोथिंबीर दिली. माणसं खूष. मी मागे बसून मनातल्या मनात पुढचं वाक्य त्यांच्याआधी म्हणत होतो.

मग फ्राऊ हॉफमाननी विचारलं, "इतकं आवडलं होतं, तर परत का गेलात?"

काका पाणी प्यायले. हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"माझी बायको नंतर आली," ते सावकाश म्हणाले. "इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मी दिवसभर गिरणीत. एक दिवस शेजारच्या एडनाने तिला हाताला धरून घराबाहेर, बायकांच्या गप्पांत आणलं. वर्षभरात ती गल्लीतल्या बायकांसारखीच बोलायला लागली. मग ती गल्ली पाडायला काढली. घरं जुनी होती, संडास बाहेर. आम्हाला उंच इमारतीत नवा फ्लॅट मिळाला. गरम पाणी, मोठी खिडकी. सगळे खूष. मीही. पण एडना गेली गावाच्या दुसऱ्या टोकाला. संध्याकाळी घरी यायचो, तर बायकोचा आवाज बसलेला असायचा. आधी वाटलं, सर्दी. नंतर कळलं, दिवसभरात तो वापरलेलाच नसायचा. मग मी सामान बांधलं."



परतताना मुग्धा आणि फ्राऊ हॉफमान पुढे चालत होत्या. मी काकांना हळूच म्हटलं, "काका, तुम्हालाही इथे एकटं वाटत असणार. रोज खाली येता ते बरंच करता."

काका रस्त्यातच उभे राहिले. "खुळा आहेस काय? मला कसलं एकटं! पहिल्यांदा तुझ्या दारात आलो, तेव्हा ही पोरगी 'या काका' म्हणाली. तो बसलेला आवाज मी ओळखला. तू घरी यायचास सात वाजता. तोवर घसा खाकरून झालेला असायचा तिचा, म्हणून तुला कळलंच नाही."

जेवताना मी मुग्धाला हे सांगितलं. तिने मान वर केली नाही. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी त्यांचं ऐकून घेतेय. त्यांना वाटायचं, ते मला बोलतं ठेवतायत. दोघांचं बरं चाललं होतं. तू मध्ये पडू नकोस."

त्यानंतर फ्राऊ हॉफमान तिला कॉफीच्या कार्यक्रमाला मदतीला नेऊ लागल्या. मोडकंतोडकं जर्मन तिथेच सुरू झालं. अशाच एका दुपारी मी तापामुळे घरी होतो. बेल वाजली. काका.

"मुग्धा?"

"हॉलवर गेलीय."

"हॉफमानबाई आल्या होत्या न्यायला?"

"नाही. एकटीच गेली. उशीर होतोय म्हणून पळत गेली."

"वा!" काकांचा चेहरा उजळला. "बरं झालं. फार बरं झालं." त्यांनी दोनदा मान हलवली आणि जायला वळले. पण जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून तिथेच उभे राहिले. वर बघितलं, खाली बघितलं.

"काका, आत या. चहा टाकतो."

"तू आजारी आहेस की."

"मग बसा सोबतीला."

ते आले, पण खुर्चीच्या कडेवर बसले, पाहुण्यासारखे. किती वेळ झाला तरी काही बोलेनात. मला ती शांतता सोसेना. शेवटी मीच विचारलं, "काकूंना काय आवडायचं हो, ब्रॅडफर्डात?"

"भांडायला," काका म्हणाले. "गल्लीत या घरापासून त्या घरापर्यंत कपड्यांच्या दोऱ्या बांधलेल्या असायच्या. दोरीच्या या टोकाला ती, त्या टोकाला एडना. चादर कोणाची आधी, यावरून. लांबून आवाज यायचा तिचा. गिरणीतून दमून यायचो, आणि कोपऱ्यावर वळलो की पहिल्यांदा तो आवाज."

मी पुढचं ऐकायला थांबलो. पण काकांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता, आणि या गोष्टीला पुढे काही नव्हतं.