पांढरीपांडेकाकूंची ठासणीची बंदूक

पांढरीपांडेकाकू फोडणीच्या पळीत शिसं वितळवत. नव्याने आलेल्या बायकांना हे सांगितलं की त्या हसत. मग काकूंच्या स्वयंपाकघरात एकदा जाऊन येत आणि हसणं थांबे. एका शेगडीवर वरण, शेजारच्या शेगडीवर लांब दांड्याची पळी आणि तिच्यात पाऱ्यासारखं थरथरणारं शिसं. ते साच्यात ओतायचं, साचा उघडायचा, की बोराएवढी गोळी बाहेर. वरणाची पळी वेगळी होती, पण हे काकू कुणाला आपणहून सांगत नसत. एका हळदीकुंकवाला निवत ठेवलेल्या गोळ्यांतली एक गोळी एका बाईंनी चांदीची सुपारी समजून उचलली. काकू म्हणाल्या, "घेऊन जा. पण बंदूक तुझी तू पाहा."

आम्ही तेव्हा पेनसिल्व्हेनियात एका युनिव्हर्सिटीच्या गावात राहत होतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मराठी घरं मोजकीच. त्यात पांढरीपांडे सगळ्यांत जुने. प्रोफेसर केमिस्ट्री शिकवत आणि काकू, त्यांच्याच शब्दांत, "प्रोफेसरांना सांभाळत". मुलगा कॅलिफोर्नियात होता. दर रविवारी त्याचा फोन येई. वडिलांशी बोलून झालं की तो म्हणे, "टेल आई हाय." काकू स्वयंपाकघरातूनच म्हणत, "मिळाला म्हणा हाय."

काकू नागपूरच्या. इतकी वर्षं अमेरिकेत राहूनही बोली तसूभर हलली नव्हती. "इथं येऊन मी दोनच गोष्टी शिकली," त्या म्हणत. "गाडी चालवणं आन् चूप बसणं. दुसरी थोडीफार येतच होती."

बंदुकीचं प्रकरण मात्र तिसरं. गावच्या हायस्कुलात संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी वर्ग चालत. काकू शिवणाच्या वर्गाला नाव घालायला गेल्या. तो भरला होता. केक सजवायचा वर्गही भरला होता. जागा उरली होती ती फक्त जुन्या पद्धतीच्या बंदुका हाताने घडवण्याच्या वर्गात. काकूंनी नाव घातलं. "घरी परत येऊन टीव्ही पाहण्यापेक्षा बरं," एवढंच कारण त्यांनी मला दिलं.

त्या राज्यात नाताळानंतर हरणाच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम असे आणि त्यात फक्त चकमकीच्या बंदुका चालत. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासायची, नळीच्या कानाशी, म्हणजे बाजूच्या बारीक भोकाशी, चिमूटभर रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू ठेवायची, चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी पडते आणि नशिबात असेल तर बार उडतो. काकू म्हणत, "लग्नासारखंच आहे. धूर होते, आवाज होते, आन् लागलं तं लागते."

तीन हिवाळे त्या कानस घेऊन बसल्या. मेपलच्या लाकडाचा दस्ता तासला, घोडा घासला, कमानी तापवून पाण्यात बुडवल्या. देवघराशेजारी बंदुकीची दारू ठेवायचं शिंग टांगलं. ते गाईचं की बैलाचं यावरून गावच्या मराठी मंडळात कुजबुज झाली. बैलाचं असल्याचं ठरवून सगळ्यांनी समाधान करून घेतलं.

प्रोफेसरांना या सगळ्याची फार गंमत वाटे. पार्टीत ग्लास हातात आला की ते म्हणत, "या आमच्या झाशीच्या राणी. पोळ्या मात्र अजून गोल होत नाहीत." लोक हसत. प्रोफेसर कुणालाही, "हिची दारू भिजते हो, आमची नाही," असंही सांगत. काकू ताट उचलून आत जात. कुणी मदतीला उठलंच तर म्हणत, "बस तू. माझं मी पाहते."

हे "माझं मी पाहते" त्यांच्या तोंडी सारखं असे. बर्फात गाडी रुतली तरी तेच आणि ताप आला तरी तेच.

पहिलं हरीण त्यांनी मारलं त्या वर्षी संक्रांतीच्या जेवणाला मोठं पातेलं भरून सावजी रस्सा आणला. लोकांनी तीनतीनदा वाढून घेतला. प्रोफेसरांनी बोटं चाटली. कुणीतरी विचारलं, "काकू, मटण कुठून आणलंत?" काकू म्हणाल्या, "वरच्या डोंगरातून. मीच पाडलं." एक बाई सिंककडे धावल्या, दोघं बाथरूमबाहेर रांगेत उभे राहिले. हीच माणसं दर शनिवारी हॅम्बर्गर खायची. पुढच्या जेवणाच्या वेळी मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी काकूंना फोन केला, "तुम्ही फक्त पेपर प्लेट्स आणा हं." काकूंनी पेपर प्लेट्स नेल्या. त्यानंतर गेल्या नाहीत. प्रोफेसर एकटे जात आणि डबा भरून आणत.

एका हंगामात माझा नवरा, विवेक, भारतात गेला होता आणि पांढरीपांड्यांची गाडी प्रोफेसरांनी कॉन्फरन्सला नेली होती. म्हणून काकूंना डोंगरापर्यंत सोडायला मी गेले आणि कुतूहलाने थांबले.

कपाळावर कुंकू, अंगात प्रोफेसरांचा जुना ओव्हरकोट आणि हातात स्वतःपेक्षा उंच वाटणारी ती बंदूक. आम्ही एका पाइनखाली बसलो. बोटं बधिर झाली. बऱ्याच वेळाने उतारावर एक मोठा नर आला आणि बर्फ उकरू लागला. काकूंनी नेम धरला, चाप ओढला. नुसतं फुस्स झालं. हरणाने मान वर केली. काकू हलल्या नाहीत. नर पुन्हा खाली वाकला तसं त्यांनी पिसाने बंदुकीचा कान साफ केला, चोचीत दाणा धरावा तशी चिमटीत रंजक धरून त्याच्याशी ठेवली, घोडा चढवला आणि पुन्हा चाप ओढला. या वेळी बार उडाला. समोर सगळा पांढरा धूर. धूर विरला तेव्हा नर ओढ्यापलीकडे आडवा पडला होता.

मला वाटलं काकू रडतील. त्यांनी बाह्या सरसावल्या. "पाय धर," म्हणाल्या. काकूंनी कुणाला मदत मागितलेली मी पहिल्यांदा ऐकली. सुरी चालवताना त्यांचं तोंडही चालू होतं. मंडळ, पेपर प्लेट्स, मुलगा, प्रोफेसर. सगळे एकेक करून बाहेर निघाले.

आवाज ऐकून वरच्या लाकडी खोपटातून काही म्हातारे शिकारी उतरले. पुढे होते बंदुकांच्या वर्गाचे मास्तर, राल्फ, पांढरी दाढी पोटापर्यंत आलेली. हरणाभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "सुंदर नेम, यमू."

मी मागे वळून पाहिलं. दुसरं कुणीच नव्हतं. काकू हसत होत्या. "थँक यू राल्फ," म्हणाल्या. खोपटात गेलो तर तिथेही तेच. यमू, कॉफी घे. यमू, शेकोटीजवळ ये. काकूंचं नाव शुभांगी आहे हे मला मंडळाच्या पत्त्यांच्या यादीतून माहीत होतं.

गाडीत मी विचारलं. काकूंनी ओव्हरकोटाची बटणं सोडली. मग म्हणाल्या, "पांढरीपांडे त्या राल्फले म्हणता येईना. मग त्यानं विचारलं, तुला काय म्हणू? असं मला कोणीच विचारलं नव्हतं गं. मी यमुना. माहेरी यमू. लग्नात तांदळात बोट धरून दुसरंच लिवलं. मी वाचलं तवा कळलं का मी आता शुभांगी."

"प्रोफेसर काय म्हणतात?"

"ते 'अगं' म्हणतात."

पुढच्या उन्हाळ्यात प्रोफेसरांनी टेक्सासमध्ये प्लेनोला कंपनीतली नोकरी घेतली. घर विकायला काढल्याची पाटी लागली तेव्हा काकूंना कळलं. बंदूक त्यांनी राल्फच्या खोपटात नेऊन ठेवली. मी म्हटलं, "काकू, तीन हिवाळे घातलेत तुम्ही." त्या म्हणाल्या, "तिकडं कोण आहे माह्या ओळखीचं? एकटी काय बार उडवू?"

काही महिन्यांनी एका संध्याकाळी मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर विवेक म्हणाला, "अगं, कुणी यमू म्हणून होती फोनवर. लाइन खरखरत होती. इथे कुणी यमूला ओळखत नाही, राँग नंबर लागला, म्हणून सांगितलं."

मी ओल्या केसांनीच प्लेनोचा नंबर फिरवला. प्रोफेसरांनी उचलला.

"यमूला देता का?" मी म्हटलं.

"कोण?"

"यमू. यमुना."

"राँग नंबर," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी पुन्हा फिरवला आणि पांढरीपांडेकाकू आहेत का विचारलं. "हां, हां, देतो," ते म्हणाले आणि लांबून हाक ऐकू आली, "अगं, फोन."

काकू आल्या.

"आत्ता राँग नंबर आला म्हणे कोणाचा," त्या हळूच म्हणाल्या.

"माझाच होता," मी म्हटलं.

काकूंनी विचारलं, "थंडी पडली का गं तिकडं?"