पाणी कधी द्यावं

मे महिन्यातच आबासाहेबांनी राहुरीच्या स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पिता पिता जाहीर करून टाकलं की यंदा पाऊस पडायच्या आत, अख्ख्या महाराष्ट्रात कुणीही मोबाईलवर 'लिंबाचं रोप' एवढंच विचारलं, तर पहिलं नाव आपल्या 'हिरवाई' नर्सरीचं येणार. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. चहा आबासाहेबांकडून होता.

बोलण्याला तसं कारण होतं. बेलापूरच्या ज्ञानेश्वरची नर्सरी हिरवाईच्या निम्मीसुद्धा नव्हती, पण मोबाईलवर तो सगळ्यांत वर बसलेला असायचा. हिरवाईची वेबसाइट शोधायची तर बोटानं खाली खाली सरकत इतकं लांब जावं लागायचं, की तिथवर आबासाहेबांखेरीज कुणी पोचत नसे. ही वेबसाइट त्यांच्या मुलीनं, राजनंदिनीनं, तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत करून दिली होती. ती पुण्यात हेच काम करते. त्या सुट्टीत तिनं आईवडिलांना समोर बसवून पानं कशी तयार करायची तेही शिकवलं होतं. आबासाहेबांनी मग झपाटल्यासारखी चाळीसेक पानं लिहून काढली. डाळिंब, पेरू, चिंच, कलम, खत, कीड. एकही विषय सोडला नाही.

आता फोनवर राजनंदिनी म्हणाली, "पप्पा, तुमची पानं एकमेकांना ओळखतच नाहीत. समजा, प्रत्येक पान म्हणजे एक वस्ती. वस्तीवरून वस्तीवर जायला रस्ता नसेल, तर तिथं कोण कशाला जाईल? लिंबाच्या पानावर खताचा शब्द आला की तिथून खताच्या पानाला लिंक द्या. म्हणजे वाचणारा फिरत राहतो, आणि शोधणाऱ्या यंत्रालाही कळतं की कुठलं पान महत्त्वाचं. ज्या पानाकडं जास्त रस्ते जातात ते वर येतं. फक्त रस्ता कुठं जातोय ते उघडून बघत जा."

शेवटचं वाक्य आबासाहेबांनी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. स्वतःच लिहिलेलं परत काय वाचायचं?

पुढचे आठ दिवस दुपारी जेवण झालं की ते चष्मा लावून कॉम्प्युटरपुढं बसू लागले. शब्द निवडायचा, लिंकचं बटण दाबायचं, विषय टाकायचा, खाली पानांची नावं येतात त्यातलं एक निवडायचं. सगळ्यांत जास्त वेळा आलेला शब्द होता 'पाणी'. नर्सरीवाल्याच्या लिहिण्यात दुसरं काय असणार? 'पाणी' टाकलं की खाली एकच नाव यायचं, 'पाणी कधी द्यावं'. आपण हे कधी लिहिलं ते त्यांना आठवेना, पण एवढ्या पानांत एखादं विसरायचंच, असं म्हणून त्यांनी ते निवडलं आणि सगळ्याच्या सगळ्या पानांवरून तिकडं रस्ता काढून दिला. पाण्यावर त्यांनी खरं लिहिलेलं पान वेगळंच होतं. पण त्याचं नाव त्यांनी मोठ्या ऐटीत 'सिंचन व्यवस्थापन' ठेवलेलं, त्यामुळं 'पाणी' म्हटल्यावर ते बिचारं पुढं आलंच नाही.

पंधरा-वीस दिवसांत फोन वाढले. आबासाहेब खूश. पण फोन जरा चमत्कारिक होते. पारनेरच्या एका बाईंनी लिंबाची पन्नास रोपं सांगितली आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "ताईंचा ताप उतरला का?" आबासाहेबांना वाटलं, बाईंनी एकाच वेळी दोन फोन लावलेत. दुसऱ्या दिवशी निवृत्त गुरुजी वाटावेत असा एक आवाज आला. त्यांनी रोपांचं काही विचारलंच नाही. "घरातल्यांना पाणी देता का वेळेवर?" एवढंच म्हणाले.

घरात ठेवायच्या कुंड्यांबद्दल विचारतायत असं समजून आबासाहेब खुलले. म्हणाले, "घरातल्यांना लई लागत न्हाई. आठवड्यातनं एकदा कपभर दिलं तरी बास. जास्त लाड केले की मुळं कुजत्यात."

पलीकडून "धन्य आहात" असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. आबासाहेबांनी ती शाबासकी समजून घेतली आणि जेवताना बायकोला, पुष्पावतीबाईंना, सांगितलीसुद्धा. त्या "हं" म्हणाल्या आणि भाकरी वाढली.

उलगडा झाला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. श्रीरामपूरकडचं एक जोडपं पिकअप घेऊन आलं. नवरा रोपं बघत हिंडू लागला. बायकोनं आबासाहेबांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं, आणि त्यांच्याशी एक शब्द न बोलता ती सरळ शेडमध्ये रोपांच्या पिशव्यांत माती भरत बसलेल्या पुष्पावतीबाईंकडं गेली. त्यांच्या हातात मोसंब्यांची पिशवी ठेवून म्हणाली, "तुमचं वाचलं, ताई. माझ्या घरीबी तसंच हाय."

पुष्पावतीबाईंचा हात मातीतच राहिला. आबासाहेब पुढं झाले आणि काय वाचलं म्हणून विचारू लागले. बाईनं मोबाईल त्यांच्या हातात दिला. उन्हातच उभं राहून, पडद्यावर हात धरून त्यांनी वाचलं.

'आमच्या ह्यांना रोपाच्या पानाकडं नुसतं बघून कळतं त्याला तहान लागली का न्हाई ते. लिंबाला पाणी कधी, डाळिंबाला कधी, समदं तोंडपाठ हाय. मला हितं पंचवीस वरसं झाली. माझ्याकडं बघून कळत न्हाई. मागल्या महिन्यात मला तीन दिस ताप हुता. ह्यांनी विचारलं, पेरूवर शेडनेट ओढलं का. माणूस वाईट न्हाई. मी बी रोपासारखी पिशवीत लावलेली पायजे हुते.'

त्या दिवाळीत राजनंदिनीनं आईला मोबाईलवर बोलून लिहायचं शिकवलं होतं. काहीही बोल, म्हणाली होती, ह्या पानाकडं कुठूनच रस्ता नाही, कुणाला दिसणार नाही.

जोडपं लिंबाची दोनशे रोपं भरून गेलं. जाताना त्या नवऱ्यानं दाराशी थांबून बायकोला आधी पाण्याची बाटली दिली आणि मग स्वतः प्यायला, हेही आबासाहेबांनी बघितलं.

मग त्यांनी लेकीला फोन लावला. ती आधी हसली. मग म्हणाली की आईचं पान आज पाण्याबद्दल विचारणाऱ्यांना सगळ्यांत वर दिसतंय, ज्ञानेश्वरच्याही वर. पप्पांना हवं असेल तर ती काढून टाकेल. आबासाहेब म्हणाले, थांब जरा.

ते पेरूच्या वाफ्यापाशी जाऊन उभे राहिले. ती दिवाळी त्यांना आठवली, आणि तिच्या आधीचा महिनाही. शेडनेट ओढलेलं होतं, हेही आठवलं. रोपांवर सावलीला दोघांनी धरून ओढायचं ते जड कापड त्या दिवशी कुणी ओढलं, हा प्रश्न त्यांना तीन वर्षांत पडला नव्हता.

शेडमध्ये येऊन ते पुष्पावतीबाईंच्या समोर पोत्यावर बसले. एक रिकामी पिशवी उचलली आणि माती भरू लागले. तीन पिशव्या झाल्यावर म्हणाले, "ते पान काढून टाकतो."

"काढा."

"खरं हाय का त्यातलं?"

"कुठलं?"

"तीन दिस ताप हुता ते."

"साडेतीन," पुष्पावतीबाई म्हणाल्या.

आबासाहेबांनी चौथी पिशवी भरली. ती इतकी दाबून भरली की तिच्यात रोपाला जागाच उरली नाही. "मला कळलं न्हाई गं," ते म्हणाले. "रोज समोर हुतीस, तरी कळलं न्हाई."

"मी बी कुठं सांगितलं?" त्यांनी ती पिशवी आबासाहेबांच्या हातातून घेतली, थोडी माती काढली आणि परत दिली. "एवढं दाबायचं नसतं."

"आता कसं वाटतंय?"

"त्या तापाचं इचारताय का?" पुष्पावतीबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. पुष्कळ दिवसांनी त्या एवढ्या मोकळ्या हसल्या. "उतरला."

त्यांनी मोसंबं सोललं आणि निम्मं आबासाहेबांना दिलं. खाऊन झाल्यावर आबासाहेब कॉम्प्युटरकडं जायला उठले. चाळीस पानांवरच्या लिंका काढायच्या म्हणजे चार दिवसांचं काम.

"ऱ्हाऊ द्या," पाठीमागून पुष्पावतीबाई म्हणाल्या. "दोनशे रोपं गेली त्याच्यापायी. आन जोडतायच तर बाकीची बी जोडा."

"बाकीची कुठली?"

"आजून सहा हायेत. कुणाला दिसत न्हाईत म्हणून लिवीत गेले."

आबासाहेबांनी चष्मा लावला, खुर्ची पुढं ओढली. या वेळी मात्र लेकीचं ऐकायचं आणि प्रत्येक पान आधी उघडून वाचायचं त्यांनी ठरवलं. पहिल्या पानाचं नाव होतं, 'छाटणी'.