वरच्या फळीवरचं अस्वल

“पुसायचं ते पूस, पण कार्डं जिथली तिथं ठेव.”

थोरलीचं हे बजावणं धाकटीच्या कानात अजून घुमत होतं आणि हातात मात्र कार्डांचा गठ्ठा होता. आता कानांचं आणि हातांचंच एकमेकांशी पटत नसेल, तर बिचाऱ्या धाकटीने काय करावं!

दोघी जावांचं चित्रांचं छोटंसं दालन होतं. भिंतींवर चित्रं आणि दाराशेजारच्या तीन फळ्यांवर हाताने केलेली कार्डं. ती लावायचं काम नेहमी थोरलीचं. लोक चित्रं बघून जात आणि कार्डं घेऊन जात. त्या सकाळी थोरली दाताच्या डॉक्टरकडे गेली आणि धाकटीने पदर खोचला. थोरलीला व्यवहार कळतो, पण रंगांची नजर घरात आपल्यालाच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पिवळ्याशेजारी करडं, करड्याशेजारी लाल. फळ्या कसल्या, दोरीवर वाळत घातलेले कपडेच ते! तिने पांढरी सगळी वर लावली, पिवळी मधे, गडद रंगांची खाली. मग चार पावलं मागे सरून बघितलं आणि स्वतःवर भलतीच खूश झाली.

कार्डं उघडून बघायची सोय नव्हती. ती करणाऱ्या कात्रीवाल्या मावशी प्रत्येक कार्ड बारीक दोऱ्याने बांधून देत. आत कातरलेला कागद उभा राहायचा आणि दोरा एकदा सोडला की घडी पुन्हा पहिल्यासारखी बसत नसे. वरून सगळ्यांवर आपलं एखादं पान नाहीतर फूल.

शिवाय धाकटीचं रोज दुपारी बारापर्यंत मौन असे. देवाला शब्द दिला होता, आणि तो पाळायचा म्हणून ती शब्दच काढत नसे. गिऱ्हाइकांनाही त्याची सवय झाली होती.

तेवढ्यात शेजारचे शिंपीकाका आले. एरवी त्यांच्या मशीनपेक्षा त्यांचं तोंड जास्त चालायचं, पण आज चेहरा उतरला होता. मागच्या गल्लीत राहणाऱ्या त्यांच्या जुन्या भागीदाराची बायको गेली होती. दुकानाच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं कधीच तुटलेलं. तोंड उघडलं तर पुन्हा भांडणच बाहेर पडायचं, म्हणून काकांनी कार्ड न्यायचं ठरवलं होतं. तेवढ्यानं सांधलं तर सांधलं.

“नेहमीसारखं वरच्या फळीवरचं द्या, वहिनी. दुःखाचंच आहे ना?”

धाकटीने वर बघितलं. शांत, पांढरीशुभ्र कार्डं. याहून दुःखाचं आणखी काय असणार? तिने डोळे मिटले आणि सावकाश मान हलवली. ती मान इतकी हळवी हलली की काकांच्याच डोळ्यांत पाणी आलं.

थोरली परतली ती बधिर झालेला गाल धरून. फळ्या बघितल्या आणि स्टुलावर मटकन बसलीच. एकीला मौन, दुसरीचा जबडा जाग्यावर नाही! तरी तिने कसंबसं सांगितलं की आनंदाची कार्डं खाली, पोरांचा हात पोचावा म्हणून. दुःखाची वर. रंगाचा संबंधच नाही. मग तिने विचारलं की वरचं काही विकलंस का? धाकटीने मान हलवली आणि पायाने शिलाई मशीन चालवून दाखवलं. कोणतं फूल होतं? धाकटीने दोन्ही हातांचं कमळ केलं.

थोरलीने डोळे मिटले. “ते बाळ झाल्याचं. आत अस्वल आहे.”

धाकटी चपला न घालताच धावली. भागीदारांच्या खोलीत माणसं गप्प बसली होती, आणि काका नुकतेच कार्ड पुढे करत होते. धाकटी दारातूनच दोन्ही हात हलवू लागली. हिला शोक आवरेना असं वाटून दोन बायकांनी तिला दंडाला धरून बसवलं आणि पाणी दिलं. एक शब्द पुरला असता. पण भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायचे होते आणि ती घड्याळाकडे बघत राहिली.

दोरा सुटला. पांढरं अस्वल टुणकन उभं राहिलं. हातात फुगे, आणि वर मान डोलावतंय!

भागीदारांनी कार्ड खाली ठेवलं. “एवढं चालत येऊन थट्टाच करायची होती?”

काकांनी धाकटीकडे बघितलं. “वहिनी, तुम्ही मान हलवली होती.”

तिथे धाकटीचं मौन तुटलं. सकाळभर न वापरलेला आवाज बंद दारासारखा करकरला. “चूक माझी आहे. त्यांनी दुःखाचंच मागितलं होतं. मी न बघता दिलं.”

भागीदारांनी कार्ड मिटायला घेतलं, पण घडी बसेना. मग म्हणाले, “उद्या सकाळी आमचे सगळे नातेवाईक येतील, आणि ही गोष्ट त्यांच्या कानावर जाणारच. तिचा ठपका यांच्यावर राहायला नको. त्यांच्यासमोर सांगाल?”

“सांगेन,” धाकटी म्हणाली.

संध्याकाळी ती मावशींकडे गेली. दोरा बांधायच्या आधी दुःखाचं नवं कार्ड उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. रिकामी खुर्ची आणि तिच्या पाठीवर टाकलेली शाल. दुसऱ्या दिवशी देवापुढे बसली, पण त्याच्याशी नजर मिळवायचा धीर होईना. आज बोलावं लागेल, एवढंच त्याला खालमानेने सांगितलं आणि चपला घातल्या.

“आत काय आहे ते बघितलंस ना?” थोरलीने मागून विचारलं.

धाकटीने सवयीने मान हलवली.

“मान नको. तोंडाने सांग.”

“बघितलं, ताई,” ती हळूच म्हणाली, आणि कार्ड छातीशी धरून पायऱ्या उतरली.