वैजयंतीबाईंनी उष्ट्याची बादली तोलिली त्याची हकीकत

श्रीगजवदनास, श्रीशारदेस आणि वीणा खांद्यास लावून उभे राहणाऱ्या समस्त हरिदासांस वंदन करून लिहितों. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, एका विद्याराज्यीं जें वर्तमान घडलें तें येणेंप्रमाणें.

तें राज्य मोठें. कुलगुरूमहाराज गादीवर, त्यांचे खालीं आचार्यमंडळी, त्यांचे खालीं विद्यार्थी, आणि वसतिगृहींच्या तीनशें पानांचा भार वाहणारे मुदपाकखान्याचे गजामामा आचारी. त्या राज्यीं शाश्वत विकास म्हणोन नवी विद्या आली. तिचें सार इतकेंच जे, आपण खावें-प्यावें, परंतु नातवंडांचे ताटांतलें उचलूं नये. ही विद्या दोन वर्षें शिकावी, अखेरीस प्रबंध लिहावा, परराज्यींचे परीक्षक येतील त्यांपुढें तोंडीं उत्तरें द्यावीं, मग पदव्युत्तर पदवी मिळावी, ऐसा शिरस्ता. आचार्य दिगंबरपंत हुपरीकर या विद्येचे मुख्य. थंड हवेच्या महालांत शाल पांघरून ते जगाच्या उष्म्यावर व्याख्यान देत, आणि व्याख्यान उत्तम देत, यांत संशय नाहीं.

त्यांच्या शिष्या वैजयंतीबाई. वडील कीर्तनांत पेटीची साथ करणारे, सबब बाईंस बाळपणापासून कीर्तनाचा नाद. वर्ग एखादे वेळीं चुकेल, परंतु एकादशीस नदीकांठच्या देवळीं बुवा उभे राहिले आणि बाई पुढच्या ओळींत नाहींत ऐसें झालें नाहीं. बाईंनी प्रबंधास विषय घेतला तो मुदपाकखान्यांत वायां जाणाऱ्या अन्नाचा. भाद्रपदमासीं ओळीनें सात दिवस उष्ट्याची बादली तोलिली, ती रोजची चाळीस शेर भरली. मग आश्विनांत मोठी मोहीम मांडली. भिंतोभिंतीं फलक लाविले, शपथा देवविल्या, पानांत टाकिलेल्या भाताचीं चित्रें काढून जेवणघरांत टांगिलीं, तीं पाहून दोघीतिघींचें जेवणच गेलें आणि उष्टें थोडें वाढलें. पुढें कार्तिक, मार्गशीर्ष आणि पौष या तीन मासीं पंधरवड्यास एकदां बादली तोलावी ऐसें ठरलें. पंधरवडा ध्यानीं राहावा कैसा? तर एकादशीस देवळीं जातांना वाटेंत मुदपाकखाना लागे, तेथें बादली तोलावी, आंकडा वहींत मांडावा, आणि आरंभीचें नमन चुकूं नये म्हणोन पाय उचलावा. ऐशा सहा एकादश्या झाल्या. बादली एकोणीस-वीस शेरांपुढें गेली नाहीं.

निम्में उष्टें नाहींसें झालें, हें ऐकोन दिगंबरपंत बहुत संतोष पावले. त्यांनी कुलगुरूमहाराजांस विदित केलें, महाराजांनी 'येथें अन्नाची नासाडी निम्मी झाली' ऐसा मजकूर शिळेवर कोरवून ती अनावरणासाठीं वस्त्राखालीं झांकविली, आणि फाल्गुनांत प्रबंध उत्तीर्ण होतांच खात्यांत मदतनिसाची एक जागा बाईंस देऊं ऐसें वचनही दिलें. जागा एकच होती. बाईंनी घरीं कळविलें, वडिलांनी देवापुढें साखर ठेविली.

परीक्षेस नऊ दिवस उरले तेव्हां प्रबंधाचे अखेरच्या पानीं छापावयास गजामामांची तसबीर घ्यावी म्हणोन बाई गेल्या, आणि तुमच्या मुदपाकखान्यांत निम्मी बचत झाली म्हणोन त्यांचें अभिनंदन करूं लागल्या. मामा भोपळा चिरीत होते. त्यांनी मान वर केली.

"कशाची बचत, ताई? बादली तर रोज तेवढीच जाते."

बाईंनी वही दाखविली. मामांनी तारखा वाचिल्या, भिंतीवरलें पंचांग पाहिलें, आणि सुरी खालीं ठेविली.

"या सगळ्या एकादश्या आहेत. त्या दिवशी टाकायला निम्मंच उरतं. साबुदाणा आदल्या संध्याकाळी भिजवावा लागतो, म्हणून मी दारात उभा राहून एकेकाला विचारतो, खिचडी का भात, जेवायला आहेस का नाहीस. जेवढी डोकी, तेवढंच रांधतो. बाकीचे दिवस अंदाजपंचे."

"मामा, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही यायच्या, बादली टांगायच्या, टाळ्या वाजवत निघून जायच्या. विचारलंत कधी?"

बाई तेथेंच पाटावर बसल्या. जन्मापासून एकादशीस खिचडीच पाहिली, त्यामुळें तो दिवस निराळा म्हणोन नोंदावा, हें मनांतच आलें नव्हतें. मग दुसरे दिवसापासून ओळीनें सात दिवस बादलीपाशीं उभ्या राहिल्या. रोजचे अडतीस शेर भरले. फलक, शपथा, चित्रें, सर्व मिळोन दोन शेर.

बाई वही घेऊन दिगंबरपंतांकडे गेल्या. पंत मनाचे वाईट नव्हते, परंतु शिळा कोरून झाली होती. त्यांनी दार लोटून घेतलें, पाणी दिलें, आणि सांगितलें जे, तुझे आंकडे खोटे नाहींत, तूं जें तोलिलेंस तेंच लिहिलेंस, परीक्षक परराज्यींचे, ते पंचांग घेऊन येणार नाहींत, आणि प्रबंधांत तिथीचा रकाना कोणी मागत नाहीं. वर म्हणाले, "वैजयंती, ती जागा दुसऱ्या कोणाला गेली तर मी आणू शकणार नाही. नीट विचार कर, बाळ."

बाईंनी दोन दिवस विचार केला. वडिलांस दूरध्वनि केला, परंतु ते नवी पेटी कशी सुरांत लागते हेंच सांगत राहिले, आणि कन्येस नोकरी लागणार हें गांवांत चौघांस सांगोन झालें ऐसेंही म्हणाले. बाईंनी हूं हूं केलें आणि ठेविला.

मग फाल्गुन शुद्ध दशमीस परीक्षा झाली. परराज्यींच्या परीक्षक मार्गारेटबाई फर्नांडिस, केस पिकलेल्या, स्वभावें कडक. त्यांनी प्रबंध चाळोन स्तुति केली आणि विचारिलें जे, निम्मी बचत ही मोहिमेनें झाली हें कशावरून? पंत खिडकीबाहेर पाहों लागले. वैजयंतीबाईंनी वही उघडोन पुढें ठेविली.

"मोहिमेनं नाही झाली, मॅडम. झालीच नाही. मी सहाही वेळा एकादशीलाच तोललं. खरी बचत दोन किलोसुद्धा नाही." आणि मग साबुदाण्याचा सर्व वृत्तांत निवेदन केला.

मार्गारेटबाईंनी चष्मा काढिला.

"ही चूक कोणाला सापडली?"

"आमच्या गजामामांना. आचारी आहेत."

"मग प्रबंधात ते फक्त फोटोत का आहेत?"

बाईंनी तीच वही ओढोन तींत मामांचें नांव लिहिलें. निकाल ऐसा झाला जे, प्रबंध नापास नव्हे, परंतु परत. सहा मास अधिक. आदल्या संध्याकाळीं रोज विचारोन रांधिलें तर काय होतें तें तोलावें, आणि मगच यावें. मदतनिसाची जागा चैत्रांत दुसऱ्या शिष्यास गेली. शिळा वस्त्रासकट भांडारांत नेऊन ठेविली. वडील आठ दिवस फोनवर पेटीविषयीं कांहीं बोलले नाहींत, नंतर बोलूं लागले.

पुढें विश्वावसुनाम संवत्सरीं गजामामा रोज सायंकाळीं दारांत उभे राहों लागले आणि बाई शेजारीं वही घेऊन. मुलें प्रथम चिडलीं, म्हणालीं, ही काय हजेरी. मग तीं सरावलीं. आषाढ संपतां बादली तेवीस शेरांवर आली, आणि ती सर्व वारीं, सर्व तिथींस तोलिलेली होती. भाद्रपदांत पदवी मिळाली, प्रबंधावर दोन नांवें छापलीं. पदवीचा कागद घेऊन बाई मुदपाकखान्यांत आल्या तों मामा दारांतच होते. त्यांनी कागद हात पुसोन घेतला, आपलें नांव दोनदां वाचिलें, परत दिला, आणि विचारिलें, "उद्या दुपारी आहात का जेवायला, की निघालात?"

बाईंची दुसरे गांवची नोकरी ठरावयाची होती, अद्याप पत्र आलें नव्हतें.

"आहे, मामा. एक धरा."

ऐसें हें वर्तमान. नोकरी गेली, वर्षाचा अर्धा भाग गेला, आणि राज्यीं रोज पंधरा शेर अन्न वायां जावयाचें वांचलें. ज्यांनी पाहिलें त्यांनी सांगितलें, तैसें लिहिलें. अधिक-उणें असेल तें हरीनें पदरांत घ्यावें.