शेवटचा नग

पाणीपुरवठा खात्याच्या भांडारपालांनी शनिवारी सकाळी सुपरमार्केटमध्ये जाऊन टोमॅटो आणायचे ठरवले, तेव्हा आपण कापडी पिशवी घेऊन आयुष्यातल्या एका मोठ्या फजितीकडे निघालो आहोत, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

कारण अगदी साधे होते. आई जेवत नव्हती. न्यूमोनियाने बारा दिवस हॉस्पिटलात काढून ती घरी आली त्याला तीन आठवडे झाले होते. डॉक्टर म्हणाले होते, "औषधांनी त्यांचं काम केलं. आता पोटात अन्न जायला हवं. मागतील ते द्या." अडचण एवढीच की आई काही मागतच नव्हती. सून दर दोन तासांनी विचारायची आणि आई दर दोन तासांनी भिंतीकडे तोंड करायची. तिच्या घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला होता, तरी घड्याळ मनगटाभोवती गोल फिरत असे. भांडारपाल कामावर जाताना आणि आल्यावर न चुकता त्या घड्याळाकडे बघत. त्यांना भीती वाटत होती आणि ती ते कुणाला सांगत नव्हते.

त्या शनिवारी आई आपणहून म्हणाली, "टोमॅटो आहे का रे घरात? चकत्या करून, वर जरा मीठ."

टोमॅटो घरात नव्हता. तसा तो पंधरा दिवसांपासून गावातही नव्हता. कुठे पाऊस जास्त झाला होता, कुठे झालाच नव्हता, कुठे ट्रक अडकले होते. टीव्हीवर रोज नवे कारण येत होते आणि दुकानात मात्र शिळी भाजीसुद्धा येत नव्हती. पण आईने तीन आठवड्यांनी काहीतरी मागितले होते. भांडारपालांनी बूट चढवले.

सुपरमार्केटमध्ये भाजीच्या मांडणीवर हिरवे प्लास्टिकचे गवत तेवढे उरले होते. वरच्या नळीतून दर पाच मिनिटांनी फुस्स करून पाण्याचे तुषार उडत आणि त्या गवतावर पडत. (पाण्याची ही नासाडी बघून भांडारपालांच्यातला खात्याचा माणूस कळवळला, पण आज ते ग्राहक म्हणून आले होते.) टोमॅटो होते, पण ते काउंटरच्या मागे काचेच्या कपाटात, दाढीची ब्लेड आणि अत्तरे यांच्या शेजारी. कपाटाला कुलूप होते. समोर तेवीस माणसांची रांग होती आणि चेहऱ्यांवरून ती रक्त तपासायला आली असावीत असे वाटत होते.

पाऊण तासाने त्यांचा नंबर लागला.

"हा भाव पेटीचा का?" त्यांनी पाटीकडे बोट दाखवून विचारले.

"नाही काका, दोन नगांचा," काउंटरवरची बाई म्हणाली. "एका माणसाला दोनच नग. बदलून मिळणार नाहीत."

नग हा शब्द ऐकून भांडारपालांना इतक्या कष्टातही बरे वाटले. दुकानदारी शिकलेली बाई दिसते, असे त्यांच्या मनात आले.

"त्यातल्या त्यात पिकलेले द्या. आजारी माणसाला हवेत."

"काका, सकाळपासून बावीस जणांकडे आजारी माणूस आहे," बाई म्हणाली, पण तिने निवडून दोन दिले. भांडारपालांनी ते पिशवीत न टाकता दोन हातांत दोन धरून घरापर्यंत आणले. वाटेत ओळखीच्या एका गृहस्थाने नमस्कार केला, त्याला ते नुसती मान हलवून पुढे गेले.

पहिला टोमॅटो आईने खाल्ला. अर्धा दुपारी, अर्धा संध्याकाळी. संध्याकाळच्या अर्ध्याबरोबर तिने पावाचा एक तुकडाही खाल्ला आणि म्हणाली, "बरं वाटलं." भांडारपाल स्वयंपाकघरात गेले आणि सिंकचा नळ सोडून थोडा वेळ उगाच उभे राहिले.

इथवर सगळे चांगले झाले होते. घोळ झाला तो रविवारी, आईने पुन्हा टोमॅटो मागितल्यावर. आता एकच उरला होता.

भांडारपालांच्या तीस वर्षांच्या नोकरीत एक नियम होता आणि तो त्यांनी एकदाच मोडला होता. नवीन असताना एका संध्याकाळी त्यांनी चार इंची व्हॉल्व्हचा शेवटचा नग कुणाच्या तरी गयावयांना भुलून देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी मोठी लाइन फुटली. तीन दिवस अर्ध्या गावाला पाणी नव्हते. लोक रिकाम्या बादल्या घेऊन ऑफिसात आले आणि त्या बादल्या वाजवत बसले. त्या वेळच्या म्हाताऱ्या भांडारपालांनी यांना रागावले नाही, शेजारी बसवून सांगितले, "शेवटचा नग हा नग नसतो. तो भांडाराचा धीर असतो. नवा माल आल्याशिवाय तो द्यायचा नाही. कुणालाही." तेव्हापासून शेडच्या कोपऱ्यात, खालच्या फळीवर, एका लाकडी खोक्यात चार इंची व्हॉल्व्ह पडून होता. खोक्यावर चिठ्ठी होती, 'राखीव. एक नग. स्थिती उत्तम.' भांडारपाल दर वर्षी खोका पायाने जरा ढकलून वजन बघत, चिठ्ठी नवी करत आणि साक्षीदाराची सही घेत. झाकण उघडत नसत. हाताळला की माल बिघडतो, हाही त्यांचाच नियम होता. खात्याचा फिटर या व्हॉल्व्हसाठी दर पावसाळ्यात त्यांच्याशी भांडायचा. अलीकडे काही वर्षांत मात्र त्याने तो नाद सोडला होता.

तर रविवारी आईने टोमॅटो मागितला आणि भांडारपाल म्हणाले, "उद्या देतो हं, आई. माल येतोय."

"एक आहे ना फ्रिजमध्ये?" बायको स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाली. ती दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनिस्ट होती, दबक्या आवाजात बोलायची तिला सवय होती.

"तो शेवटचा आहे."

"मग?"

"आज दिला आणि उद्या तिने मागितला तर? नाही म्हटलं की ती पुन्हा भिंतीकडे तोंड करेल. मग काय करायचं आपण? हा राहू दे. हा आहे तोवर आशा आहे."

"अहो, टोमॅटो आहे तो. औषधाची शेवटची बाटली नव्हे."

पण त्यांनी ऐकले नाही. त्यांनी टोमॅटो पारदर्शक डब्यात ठेवला, डबा फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवला आणि झाकणावर चिठ्ठी लावली, 'राखीव. एक नग. स्थिती उत्तम.' खाली स्वतःची सही केली आणि साक्षीदार म्हणून बायकोची घेतली. बायकोने सही करताना त्यांच्याकडे जरा वेळ बघितले. पलीकडच्या खोलीत आईने भिंतीकडे तोंड केले होते. भांडारपालांना ते दिसले. पण आपण हे तिच्याचसाठी करतो आहोत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

मंगळवारपासून चमत्कार सुरू झाला. आई जेवू लागली. आधी सूप, मग उकडलेले अंडे, मग लोणी लावलेला पाव. टोमॅटोचे तिने नावही काढले नाही. भांडारपालांना याचा अर्थ लख्ख कळला (निदान त्यांना तसे वाटले). घरात राखीव साठा आहे या नुसत्या जाणिवेने आजारी माणसाला उभारी येते. म्हाताऱ्या भांडारपालांचा सिद्धांत पाइपलाइनइतकाच माणसालाही लागू पडत होता. रोज सकाळी ते फ्रिज उघडत, झाकणातून बघत, चिठ्ठीवर तारीख घालत आणि बायकोची सही घेत. टोमॅटोला सुरकुती नव्हती, डाग नव्हता, देठसुद्धा हिरवागार होता.

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी हे सगळ्यांना सांगितले. त्यांना बोलायचा फारसा सराव नव्हता, पण त्या आठवड्यात ते बोलले.

"गुरुवार आहे आज. नुसता चमकतोय. लोकांना माल ठेवता येत नाही, म्हणून टंचाई. हाताळायचा नाही, बस्स."

"उघडून बघितलात का, साहेब?" फिटरने विचारले.

"उघडून कशाला बघायचं? दिसतोय की."

फिटरला चहाचा ठसका लागला. तो बराच वेळ खोकत राहिला आणि भांडारपालांनी त्याच्या पाठीवर थोपटले.

रविवारी दुपारी आई खुर्चीतून उठताना एकदम मटकन खाली बसली. चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम आला. बायकोने तिला आडवे केले, पाणी पाजले. दोन मिनिटांत आईने डोळे उघडले. घड्याळ अजूनही तिच्या मनगटाभोवती गोल फिरत होते. आणि त्यांना एकदम आठवले की या बाईने आपल्याकडे एक टोमॅटो मागितला होता आणि आपण नाही म्हणालो होतो. आज काही बरेवाईट झाले असते, तर तो टोमॅटो फ्रिजमध्ये तसाच राहिला असता, स्थिती उत्तम. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. नियमाची तीस वर्षे त्यांनी त्या क्षणी बाजूला ठेवली.

"थांब, आई. देतो," ते म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे धावले.

"अहो, जरा थांबा," बायको मागून म्हणाली, पण तोवर त्यांनी चिठ्ठी टरकावली होती.

त्यांनी टोमॅटो चिरायच्या फळीवर ठेवला आणि सुरी चालवली. सुरी सरकली. थंडीने घट्ट झाला असेल, असे समजून त्यांनी जोर लावला. टोमॅटो टुणकन उडाला, ओट्यावर दोनदा आपटला, खाली पडला आणि टकटक आवाज करत घरंगळत आईच्या पलंगापाशी जाऊन थांबला. त्याच्यावर ओरखडाही नव्हता.

भांडारपाल सुरी हातात धरून दारात उभे राहिले. त्यांची नजर आपोआप शोकेसकडे गेली. मेहुण्याने कधीकाळी भेट दिलेली प्लास्टिकच्या फळाफुलांची एक परडी तिथे होती. कसल्याही उपयोगाची नाही म्हणून ती मोडीत काढावी, असे भांडारपाल दर वर्षी सुचवत. केळ्यांच्या आणि द्राक्षांच्या मधे एक गोल खळगा रिकामा होता.

"बसा जरा, काही होत नाही," बायको दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली. "सोमवारी दुपारीच दिला मी तो आईंना. तुम्हाला वाईट वाटलं असतं, म्हणून तिथला हा ठेवला."

"आणि सह्या?"

"तुम्ही मागितल्या, मी केल्या."

तेवढ्यात पलंगावरून एक विचित्र आवाज आला. भांडारपालांना वाटले, आईला धाप लागली. ते धावत गेले. आई हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, बिनदाताचे तोंड पदराने झाकून हसत होती. आजारपणातच नव्हे, गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी तिला असे हसताना पाहिले नव्हते.

ते पलंगाच्या कडेवर बसले. "मी तुला नाही म्हणालो, आई," ते म्हणाले. "एवढ्याशा टोमॅटोला."

"अरे, तू नाही म्हणालास म्हणून तर गोड लागला," आई म्हणाली. तिने त्यांचा हात हातात घेतला. "चोरून खाल्ला ना आम्ही दोघींनी. तिला एक चकती दिली मी. लहानपणीसुद्धा तू खडू जपून ठेवायचास आणि बोटाने पाटीवर लिहायचास. आठवतं?" मग ती परत हसली आणि म्हणाली, "तीस वर्षं भांडार सांभाळतोस म्हणे. तिथलं तरी कधी उघडून बघितलंयस का?"

आईने ते सहज विचारले होते. पण सोमवारी सकाळी भांडारपाल नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर शेडमध्ये पोचले. त्यांनी खालच्या फळीवरून लाकडी खोका ओढून काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या झाकणाचे खिळे उपटले.

आत गोणपाटात नीट गुंडाळलेला एक दगड होता आणि चार विटा. वर तेलकट कागदाची घडी होती. कागदावर सहा वर्षांपूर्वीची तारीख होती.

'हॉस्पिटलच्या लाइनीला तातडीने लागला. तुम्ही जेवायला गेला होता. विचारलं असतं तर दिला नसता. नवा आला की आणून ठेवतो.' खाली फिटरची सही.

ज्या हॉस्पिटलात आई बारा दिवस होती, त्याच हॉस्पिटलची ही लाइन होती. भांडारपालांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. मान वर केली, तर दारात फिटर उभा होता. त्याने खोका बघितला, विटा बघितल्या, भांडारपालांच्या हातातला हातोडा बघितला.

"आई कशा आहेत, साहेब?" फिटरने विचारले.

"जेवते आता."

"आणि टोमॅटो?"

"खाल्ला तिने."

"शेवटचा?"

"शेवटचा," भांडारपाल म्हणाले.

त्यांनी दगड पुन्हा गोणपाटात गुंडाळला, विटा जागच्या जागी लावल्या आणि झाकणाला खिळे ठोकले. मग खिशातून पेन काढून नवी चिठ्ठी लिहिली, 'राखीव. एक नग. स्थिती उत्तम.' साक्षीदार म्हणून फिटरने सही केली.