पिलांचे डोळे

मरायच्या आदल्या सांजेला माझ्या बायकोनं सासऱ्याचा डोळा साफ केला. सासरा म्हणजे कोंबडीचं पिल्लू. मी मुठीत धरलं, तिनं पिसाच्या देठानं पापणीखालची पिवळी गाठ उचलली. फाटलेल्या दुधासारखी.

"मामंजी, हलू नका! जिते हुता तवा लई हललात."

आमच्या बावडा गावात तिला येडी म्हणत. घरातल्या मेलेल्या माणसांची नावं ती पिलांना ठेवायची. मामंजी, सासू म्हणजे आत्याबाई, थोरले दीर. "त्यांच्यापुढं उभ्या जल्मात तोंड उघडलं न्हाय. आता बोलून घेते." मग आत्याबाईला म्हणायची, "खावा की! मला अर्धी भाकरी वाढत हुता न्हवं?" आणि भिजवलेल्या कण्या स्वतःच चोचीत घालायची.

शेजारची सखू विचारायची, "काकी, आज कुणाचं श्राद्ध?"

"श्राद्ध न्हाय गं, फिर्याद."

लासुर्ण्याकडं नवा कारखाना निघाला, त्या वर्षी पिलांचे डोळे चिकटले. आंधळं पिल्लू दाण्याशेजारी उपाशी मरायचं. सखू बाळंतीण, हिनं तिचं दूधसुद्धा शिंपल्यात मागून आणून डोळ्यांत घातलं. म्हणायची, दृष्ट लागली.

दृष्ट कसली! पिलं झाकायच्या डालग्याखालचा भुसा मी आणला होता, भिजका. त्याला हिरवा बुरा धरला होता. हात लावला की धुरळ्यासारखा उडायचा. सखूची पिलं कोरड्या वाळूवर, त्यांचे डोळे लख्ख. मला कळत होतं. पण पुन्हा भुसा आणायला कोण जाणार? गप्प बसलो.

त्या सांजेला तिच्या अंगात ताप होता. मी म्हणालो, "एवढा राग हाय तर मरू दे की त्यास्नी."

"मरू दिल्यावर बोलू कुणासंगं? तुमी तर बोलत न्हाय."

तेव्हा भुशाचं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ताप चढत गेला. दुसऱ्या दिवशी ती गेली, सांजेच्या आत जाळूनही आलो.

सकाळी उठून सगळा भुसा उकिरड्यावर नेऊन पेटवला. डालग्याखाली वाळू पसरली. अकरातलं एकच पिल्लू उरलं होतं. सखू पिठलं-भाकरी घेऊन आली. मयताच्या घरी शेजाऱ्यानं द्यायचा कडू घास.

"खावा तात्या. ह्याला न्हाय म्हनू नये." मग डालग्याकडं बघून म्हणाली, "डोळं कशानं गेलं वं पिलांचं?"

"माझ्या भुशानं."

तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं. मी घास तोंडात घातला. कितीतरी वेळ चावला, खाली उतरेना. शेवटी पिल्लू मांडीवर घेतलं, चोच उघडली आणि तो घास थोडाथोडा त्याच्या तोंडात घातला.